नीती आभाळातून पडत नाही

(रत्नागिरीत तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय असा दिलाय : माणसाची नीती कुठून आली? उत्क्रांतीतून, बुद्धीतून की धर्मातून? ऐकायला हा विषय कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेचा वाटतो. तीन मुद्दे मांडायचे, टाळ्या घ्यायच्या, घरी जायचं. पण आपल्याला हा प्रश्न रोज विचारला जातो, फक्त शब्द वेगळे असतात. ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारतो, तुम्ही देव मानत नाही, मग पोरांवर संस्कार कसले करता? टीव्हीवरचा बुवा बजावतो, धर्म गेला की माणसाचं जनावर होईल. आणि आपल्यातलाच सायन्स शिकलेला एखादा पोरगा कोपऱ्यात गाठून विचारतो, नीती जर माकडापासूनच चालत आली असेल तर बाबासाहेबांना धम्माची गरज का वाटली? एक ओझं उतरवलं ते दुसरं डोक्यावर घ्यायला का?

पहिल्या दोघांना उत्तर देणं सोपं आहे. तिसऱ्याला नीट उत्तर द्यावं लागेल, कारण तो आपला आहे आणि त्याचा प्रश्न खरा आहे.

हा प्रश्न सोडवायला परदेशी जायची गरज नाही. या एका जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात सगळा माल पडलेला आहे. टिळक जन्मले ते या रत्नागिरी शहरात, १८५६ साली. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे चिपळूणकडचे. देव-धर्म बाजूला सारून फक्त विवेकाने लैंगिक नीती तपासणारे रघुनाथ धोंडो कर्वे मुरूडचे, १८८२ सालचे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध. फौजेतून पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीला राहून लिहीत होते. आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. नीतीबद्दल मराठीत जेवढ्या म्हणून भूमिका निघाल्या त्यातल्या बहुतेक या लाल मातीत सापडतात. तेव्हा एकेक तपासू. भक्तीने नको, तिरस्काराने नको, हिशेबाने तपासू.

धर्माचा दावा

धर्मवाले म्हणतात, बरं काय आणि वाईट काय हे देवाने सांगितलं, ग्रंथात आहे. ठीक. ग्रंथच उघडू. काण्यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंड लिहिले, सहा हजारांवर पानं. त्यासाठी १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. माणूस विद्वान होता आणि सुधारक वळणाचा होता. या शास्त्रांत 'धर्म' या शब्दाचा अर्थ काय निघतो? सगळ्यांना सारखी लागू पडणारी नीती, असा निघत नाही. ज्याचा जो वर्ण, ज्याचा जो आश्रम, त्याचं ते कर्तव्य, असा निघतो. गुन्हा एकच, पण करणारा कोण आणि ज्याच्यावर केला तो कोण, यावर शिक्षा ठरते. शिवी एकच, पण ब्राह्मणाने शूद्राला दिली तर एक भाव आणि शूद्राने ब्राह्मणाला दिली तर दुसरा.

कुणी म्हणेल, अहो पण मनुस्मृतीतच अहिंसा, सत्य, चोरी न करणं हे चारी वर्णांसाठी सांगितलेलं आहे. खरं आहे, सांगितलंय. आपण ते लपवायचं कारण नाही. पण हा सर्वांचा धर्म आणि वर्णाचा धर्म यांची टक्कर झाली की कोण जिंकतं? तराजू कुठे झुकतो? हे ग्रंथात शोधण्यापेक्षा महाडच्या तळ्यावर जाऊन बघा.

२० मार्च १९२७. चवदार तळं. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, परधर्माची माणसं पीत होती. आपण ओंजळ भरली तेव्हा तळं बाटलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी ओतून त्याची शुद्धी केली गेली. तळं शुद्ध करणारे ते लोक काही दरोडेखोर नव्हते. घरी पाहुणा आला तर त्याला जेवू घालणारे, आईबापाच्या पाया पडणारे, देणं बुडवायला घाबरणारे संसारी लोक होते. शुद्धी करताना त्यांना पाप केल्यासारखं वाटलं नाही. पुण्य केल्यासारखं वाटलं. धर्माच्या नीतीतली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच आहे. ती माणसाला क्रूर करते असं मी म्हणत नाही, क्रूर माणसं सगळीकडे असतात. ती साध्यासुध्या माणसाला क्रौर्य हे कर्तव्य म्हणून करायला लावते आणि रात्री शांत झोपूही देते.

आता टिळकांकडे या. मंडालेच्या तुरुंगात बसून त्यांनी गीतारहस्य लिहिलं, १९१५ साली ते छापून आलं. ते पुस्तक नुसतं गीतेवरचं नाही. नीतीचा पाया कोणता, हाच त्याचा विषय आहे. नुसत्या सुखदुःखाच्या हिशेबावर नीती उभी राहत नाही, मनातल्या सदसद्विवेकाच्या देवतेवरही राहत नाही, सर्वांभूती एकच आत्मा आहे या ज्ञानावरच ती उभी राहते, असा त्यांचा निष्कर्ष. पाश्चात्त्य पंडितांशी त्यांनी बरोबरीने वाद घातलाय. बुद्धी अफाट, यात वाद नाही.

मग मार्च १९१८ आला. मुंबईत विठ्ठल रामजी शिंद्यांच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारण परिषद भरली. अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. टिळक व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, अस्पृश्यता देवाला चालत असेल तर अशा देवाला मी देव मानणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला असणार. पण त्या परिषदेनंतर एक जाहीरनामा निघाला. मी स्वतः माझ्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही, असं वचन. पुढाऱ्यांनी त्यावर सह्या करायच्या होत्या. टिळकांची सही त्यावर नाही.

दोस्तांनो, या एका घटनेतून दोन गोष्टी शिका. पहिली तर्काची. देवाला अमुक चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, असं जो म्हणतो तो देवाचीच परीक्षा घेतो. परीक्षा कशाने घेतो? देवाच्या आधीच त्याच्याकडे असलेल्या बऱ्यावाईटाच्या मापाने. म्हणजे माप आधी, देव नंतर. नीती देवाकडून येत नाही, हे खुद्द गीतारहस्यकारांनी भर सभेत कबूल केलं. ग्रीसमध्ये प्लेटोने हाच पेच मांडून ठेवलाय : देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? पहिलं म्हणाल तर देवाने उद्या विटाळ पाळा म्हटलं की विटाळ चांगला. दुसरं म्हणाल तर देवाची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट आचरणाची. सर्वांभूती आत्मा दिसला, सहीच्या कागदावर मात्र हात थांबला. नीती वाक्यात नसते, ती सहीत असते.

पण थांबा. आपण धर्मवाल्यांना झोडलं म्हणून खूश होऊ नका. या शहरात थिबा राजवाडा आहे. टिळकांना इंग्रजांनी मंडालेत डांबलं आणि मंडालेच्या राजाला रत्नागिरीत. १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तो इथे होता. थिबा बौद्ध राजा होता. त्याच्या मुलखात पॅगोडे होते, भिक्खूसंघ होता, पंचशील होतं. त्याच्याच राज्यात १८७९ साली गादीच्या भीतीने राजघराण्यातले नातलग डझनांनी मारले गेले, बायकापोरांसकट. आणि २०१७ साली त्याच ब्रह्मदेशातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले, तेव्हा द्वेषाची भाषा बोलणाऱ्यांत चीवरधारी भिक्खूही होते. म्हणजे बौद्ध ही पाटी लावली की माणूस आपोआप नीतिमान होतो, हे खरं नाही. पाटी आपली असली तरी खरं नाही. हे आपण बोललो नाही तर दुसऱ्याच्या ग्रंथावर बोट ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही.

उत्क्रांतीचा दावा

आता विज्ञानाकडे. डार्विनने १८७१ साली माणसाच्या उगमावरच्या ग्रंथात लिहून ठेवलं की नैतिक जाणीव ही वरून टाकलेली वस्तू नाही. टोळी करून राहणाऱ्या प्राण्यात सहानुभूती असते. त्यात स्मरणशक्ती आणि बुद्धी वाढली की तिथून सदसद्विवेक फुटतो. पुढे हॅमिल्टनने १९६४ साली गणित मांडलं की रक्ताच्या नात्यासाठी केलेला त्याग निसर्गात का टिकतो. १९७१ साली ट्रिव्हर्सने दाखवलं की नातं नसलं तरी आज तू मला, उद्या मी तुला, हा व्यवहार टिकू शकतो.

याची उदाहरणं जिवंत आहेत. रक्त पिणारी वटवाघळं दोनतीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. १९८४ साली विल्किन्सनने प्रसिद्ध केलं की पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याच्या तोंडात आपल्या पोटातलं रक्त काढून घालतं. नातलगाला घालतं, रोजच्या सोबत्यालाही घालतं. २००३ साली ब्रॉस्नन आणि दि वाल यांनी माकडांवर केलेला प्रयोग जगभर गाजला. दोन माकडांना एकच काम. एकाला मजुरी काकडी, दुसऱ्याला द्राक्ष. काकडीवाल्याने काकडी नाकारली. या प्रयोगाच्या अर्थावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, तेही लक्षात ठेवा. पण समान कामाला असमान मोबदला मिळाला की आतून काहीतरी पेटतं, ही गोष्ट निदान आपल्याला तरी कुणी प्रयोगशाळेत नेऊन शिकवायला नको.

म्हणजे नीतीचं बी निसर्गात आहे. माया, उपकाराची जाण, अन्यायाची चीड, हे देवाने दिलं नाही आणि मनूने तर नाहीच नाही. बुवाला सांगा, तू ज्या जनावराची भीती घालतोस ते जनावर उपाशी सोबत्याला घास देतं.

पण इथेच थांबलो तर फसू. कारण ही निसर्गाची माया कुंपणाच्या आत चालते. वटवाघूळ सोबत्याला देतं, परक्याला देत नाही. चिंपांझी आपल्या टोळीत एकमेकांच्या जखमा चाटतात आणि शेजारच्या टोळीतल्या एकट्या सापडलेल्याला मारून टाकतात. हेही निसर्गच.

ही गोष्ट बाबासाहेबांनी पाहिली होती. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आला. तो वंदनेसाठी फडक्यात गुंडाळून ठेवू नका, वाचा. त्यात ते नीतीचा उगम सरळ जीवनकलहात, उत्क्रांतीत शोधतात. जगण्याच्या झुंजीत गटाने गटातल्याला सांभाळायचं, यातून नियम आले, नियमांना पावित्र्य आलं. पण पुढे ते म्हणतात की गटापुरती नीती ही खरी नीती नव्हे. चोरांचीही आपसात नीती असते. व्यापाऱ्यांची असते. जातभाईंची असते. आतल्यांसाठी इमान आणि बाहेरच्यांसाठी सुरा. असली नीती समाजाला जोडत नाही, फोडते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले. ते मारणारी टोळी समुद्रापलीकडून आली नव्हती. गावातलीच होती. आपल्या माणसाची बाजू घ्यायची, गावाचं बाहेर बोलायचं नाही, जातीला सांभाळून घ्यायचं, हे सगळे त्या टोळीचे 'सद्गुण'च होते. गटाची नीती पुरेपूर पाळली गेली आणि चार माणसं संपली.

आता विटाळाकडे या. घाण, कुजकं, रोगट यापासून अंग आवळून घेणं ही उत्क्रांतीने दिलेली ढाल आहे. जो कुजलेलं खात नव्हता तो जगला. पण ही ढाल आंधळी आहे. १९८६ साली अमेरिकेत रोझिन आणि त्याच्या सोबत्यांनी एक प्रयोग केला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ रसाच्या ग्लासात बुडवून काढलं. रस पूर्ण सुरक्षित आहे असं सांगितलं. तरी शिकलेली माणसं तो रस पिईनात. धोका नाही हे डोक्याला कळतं, पण किळस ऐकत नाही. एकदा स्पर्श झाला की झालाच.

ओळखीचं वाटतं ना हे? निसर्गाने किळस दिली कुजलेल्या मांसासाठी. व्यवस्थेने त्या किळशीवर जिवंत माणसाचं नाव लिहिलं. आणि पोरांना ती भाषा फुटायच्या आधी शिकवली, म्हणून त्यांना ती जन्मजात वाटते. जन्मजात असती तर म्हैस तळ्यात डुंबलेली चालली नसती. म्हणजे जंतूंचा काही संबंध नाही, माणसाच्या जागेचा संबंध आहे. आमच्या गोपाळबाबांनी १८८८ साली पुस्तिका काढली तिचं नावच 'विटाळ विध्वंसन'. ज्यांना शाळेच्या पायरीवर येऊ देत नव्हते त्यांच्यातला एक पेन्शनर सैनिक उठतो आणि थेट किळशीच्या मुळालाच हात घालतो. या जिल्ह्याने आपल्याला दिलेला हा वारसा आहे.

आणखी एक. जात ही निसर्गाची रचना आहे, रक्तातच आहे, असं सांगणारे आता विज्ञानाचा कोट घालून येतात. त्यांना सांगा. १९१६ साली कोलंबियात बाबासाहेबांनी निबंध वाचला, की जातीचं मर्म जातीअंतर्गत लग्नात आहे आणि ती बंदी वरून लादलेली आहे. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीतले आणि हार्वर्डमधले संशोधक जनुकं तपासून सांगतात की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशातले गट एकमेकांत सर्रास मिसळत होते, नंतर मिसळणं थांबलं. म्हणजे कुंपण नंतरचं. माणसाने घातलेलं. जे माणसाने घातलं ते माणूस उपटू शकतो.

तेव्हा उत्क्रांतीचा हिशेब असा : बी तिचं आहे, कुंपणाची ओढही तिचीच आहे. आणि एखादी गोष्ट निसर्गात आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. परंपरेत आहे म्हणून योग्य, असं म्हणणारा मनुवादी आणि निसर्गात आहे म्हणून योग्य, असं म्हणणारा अर्धवट विज्ञानवादी, दोघं एकाच बाकावर बसतात.

बुद्धीचा दावा

मग उरली बुद्धी. कुंपण बुद्धीने तोडायचं. बरोबर. पण बुद्धी कुणाची आणि कशासाठी?

सावरकरांनी या शहरात काम केलं, ते नाकारायचं कारण नाही. पोथीनिष्ठेवर त्यांनी आसूड ओढले. सहभोजनं केली. शाळेत मुलं सरमिसळ बसवण्यासाठी खटपट केली. १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभं राहिलं, ते अजून आहे, जाऊन बघा. त्या काळच्या सनातन्यांनी त्यांना कमी त्रास दिला नाही. पण देवळाचं नाव वाचा : पतितपावन. पतित कोण? पडलेला कोण? ज्याला तळ्यावरून हाकललं तो पतित, की ज्याने हाकललं तो? पडलेल्याला पावन करून घेण्याचा अधिकार पुन्हा वर उभ्या असलेल्याकडेच. आणि जाती मोडायच्या कशासाठी? हिंदू संघटन मजबूत करण्यासाठी. म्हणजे बुद्धीने आतलं कुंपण मोडलं आणि त्याच दगडांनी बाहेरचं कुंपण उंच केलं. माणूस माणूस आहे म्हणून समान, हा मुद्दाच नव्हता. तो आमच्या संख्येत हवा म्हणून समान, हा मुद्दा होता.

हे फक्त इथलं नाही. १७७६ साली अमेरिकेत सर्व माणसं समान जन्मतात हे ज्याने लिहिलं तो जेफरसन गुलाम बाळगून होता. बुद्धी वकिलासारखी असते. पक्षकार आधी ठरतो, मुद्दे मागून येतात.

मग बुद्धी टाकून द्यायची? अजिबात नाही. र. धों. कर्व्यांचं उदाहरण घ्या. १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून कॉलेजची नोकरी गेली. त्यांचा तराजू साधा होता : ज्या गोष्टीने कुणाचं नुकसान होत नाही ती अनीती कशी? १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण कोण कुणासाठी उभं राहिलं ते बघा. वाचकांच्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं देणाऱ्या एका एकट्या पडलेल्या ब्राह्मण संपादकाची केस, आणि तिच्यात दलितांचा पुढारी. त्यात मतांचा फायदा नव्हता, जातीचा फायदा नव्हता. याला म्हणतात कुंपणाबाहेरची नीती.

बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू ड्यूई. त्यांनी टफ्ट्सबरोबर १९०८ साली नीतिशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात दोन प्रकार सांगितलेत : रूढीची नीती आणि विचाराची नीती. रूढीच्या नीतीत बाप करतो म्हणून मुलगा करतो. विचाराच्या नीतीत मुलगा विचारतो, का? बाबासाहेबांनी १९३६ साली नियम आणि तत्त्व यात जो फरक केला तो याच वाटेचा. नियम हुकूम सोडतो. तत्त्व विचार करायला लावतं, म्हणून जबाबदारीही आपल्यावर टाकतं.

मग नीती कुठून येते?

आता तिन्ही जोडून बघा. बी उत्क्रांतीने दिलं, पण कुंपणासकट दिलं. धर्माने त्या नीतीला पावित्र्य दिलं, पण कुंपणालाही दिलं. बुद्धी कुंपण तोडू शकते, पण पगार घेऊन कुंपणाची राखणही करते. मग इतिहासात कुंपण प्रत्यक्ष कुणी हलवलं?

खोतीचं बघा, आपल्या आज्यापणज्याची गोष्ट. खोत गावाचा धनी. कूळ राबणार, निम्मं पीक खोताच्या घरी, वर वेठबिगार. खोतांकडे धर्म होता, दर वर्षी सत्यनारायण व्हायचा. बुद्धी होती, कायदा तोंडपाठ होता. मायासुद्धा होती, आपल्या पोरांवर. पिढ्यान्‌पिढ्या यातल्या एकानेही खोती मोडली नाही. एप्रिल १९२९ मध्ये बाबासाहेबांनी चिपळूणला येऊन खोतीविरुद्ध तोफ डागली. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, त्यात महार होते, कुणबी होते, लाल बावटेवाले होते. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. खोताचं अंतःकरण पाझरलं म्हणून खोती गेली नाही. ज्याच्या पाठीवर ती होती तो ताठ उभा राहिला म्हणून गेली.

माझं म्हणणं हे आहे. नीतीचं वर्तुळ मोठं होतं ते आतल्याच्या दयेने नाही. बाहेर ठेवलेला माणूस कुंपणाशी येऊन विचारतो, मी माणूस नाही का? आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. त्या प्रश्नापुढे उत्क्रांतीतून आलेली सहानुभूतीही जागी होते, बुद्धीलाही बाजू घ्यावी लागते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. त्यांच्यातला माणूस जागा होता हे त्यांचं मोठेपण. पण तो ठराव मांडायला व्यासपीठ उभं केलं ते आपल्या लोकांनी.

आता त्या सायन्सवाल्या मित्राचा प्रश्न. मग धम्म कशाला? अशासाठी. बाहेरचा माणूस आत आला की त्याला कुंपण आवडायला लागतं. हा उत्क्रांतीचा जुना रोग आहे, तो आपल्यालाही आहे. आपला भाऊ गुन्हेगार असतो तेव्हा, आपली जात फायद्यात असते तेव्हा, नुसता तर्क हात धरून ठेवत नाही. तेव्हा लागतं असं काहीतरी जे मोडताना हात थरथरेल. बाबासाहेबांचं म्हणणं, पावित्र्य लागतंच. पण ते देवाला नको, ग्रंथाला नको, जातीला नको. नीतीलाच द्या, आणि ती सर्वांना लागू करा. देवाच्या जागी नीती बसवली, हा त्यांचा धम्म. आकाशातला पोलीस काढून टाकला आणि जबाबदारी आपल्या छातीवर ठेवली. याला ओझं म्हणायचं असेल तर म्हणा, पण ते गुलामाचं ओझं नाही. आणि हेच त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत दुसऱ्या शब्दांत सांगितलं : संवैधानिक नीती ही निसर्गतः येत नाही, ती रुजवावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. बघा, उत्क्रांतीच्या प्रश्नाचं उत्तर त्या भाषणातही आहे.

शेवटी आपल्या घरचं बोलतो, कारण दुसऱ्याच्या घरावर बोलणं सोपं असतं. आपल्या वस्तीत मातंगाची पोरगी सून म्हणून चालते का? चर्मकाराचा, वाल्मीकी समाजाचा जावई चालतो का? बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या किती घरांत पोरीचं लग्न ठरवताना आधी पोटजात विचारतात? सभेत समतेवर तासभर बोलणारा कार्यकर्ता घरी गेल्यावर ताट कोण उचलतं? भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब विचारणाऱ्या पोराला आपण काय म्हणतो, चळवळीचा शत्रू? हे सगळं गटाच्या नीतीतच बसतं. तिला पंचशीलाचा झेंडा लावला म्हणून ती धम्म होत नाही.

तेव्हा या अभ्यासवर्गातून एकच काम घेऊन जा. आपल्या वस्तीच्या कुंपणाबाहेर कोण उभं आहे, हे शोधा. आपल्यापेक्षा खाली ढकललेला कोण आहे, घरातली बाई आहे, गटारात उतरणारा आहे, परप्रांतातून आलेला खलाशी आहे, ते बघा. तो जो प्रश्न विचारतोय तो आपल्यालाच विचारतोय. टिळकांच्या सहीची गोष्ट आपण इतकी वर्षं सांगतो. कागद आता आपल्यापुढे आहे.

जय भीम.